दाराजवळची जागा

आमच्या घरातल्या पुस्तकांना कांद्याचा वास यायचा. हा अलंकार नाही, खरोखरच यायचा. पान उलटलं की आधी तो वास आणि मग अक्षरं. त्याचं कारण पुढं येईलच, पण आधी घर सांगते. बेंगळुरात, यशवंतपूरच्या घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. समोर दगडी कट्टा होता, त्याला आम्ही इथल्या रीतीनं जगली म्हणायचो. माझे वडील, अण्णा, बाजारात एका कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याकडं कारकून होते. पहाटे नाशिक-सोलापूरकडून कांद्याचे ट्रक येऊन उभे राहायचे. त्यांच्या मागच्या फळ्या धाडकन खाली पडल्या की आई उठायची, आणि जंक्शनवर डबे जोडताना एकमेकांवर आपटले की मी उठायचे. अण्णा संध्याकाळी घरी आले की आधी न्हाणीत जायचे, तरी वास जायचा नाही. आई म्हणायची, "तुमच्या अण्णांना अंधारात पण ओळखता येतं."

आमचं घराणं इथं किती पिढ्यांपासून आहे ते मला सांगता येणार नाही. घरात कुणी मोजलं नाही, आणि जे मोजलेलं नाही ते मी लिहीत नाही. एवढं खरं, की आमची मराठी घरातल्या घरात राहिलेली मराठी होती. भाकरीबरोबर आमटी नसायची, हुळी असायची. धाकटा भाऊ मला अक्का म्हणायचा, म्हणून गल्लीतली सगळी पोरं अक्का म्हणायची, आणि कौतुकाला आलं की अण्णाही अक्काच म्हणायचे. माझं नाव पद्मा, ते शाळेच्या हजेरीपुरतं. अण्णा कन्नड शाळेत शिकलेले. त्यांचं कन्नड अक्षर छापल्यासारखं होतं, पण देवनागरी त्यांना वाचता यायची नाही. मराठी ते जन्मभर बोलले, पण छापलेली मराठी त्यांनी कधी वाचली नव्हती आणि छापलेली गोष्ट त्यांना कुणी वाचूनही दाखवली नव्हती. मी शाळेत हिंदी शिकले, त्यामुळं आमच्या घरात ती अक्षरं ओळखणारी मी पहिलीच. याचं अण्णांना इतकं अप्रूप होतं, की रविवारच्या पुरवणीत गुंडाळून आलेल्या सामानाचा कागदसुद्धा ते मला दाखवायचे. "हे आमचं अक्षर काय गं? काय म्हणतंय?"

मी दहाएक वर्षांची असताना रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये पुण्याहून एक अधिकारी बदलून आले. त्यांची बायको म्हणजे इनामदारबाई. त्यांनी येताना काचेचं कपाट भरून मुलांची पुस्तकं आणली होती, आणि आल्यावर महिन्याभरात त्यांनी दर रविवारी सकाळी दहा वाजता बालवाचन मंडळ सुरू केलं. आसपासच्या मराठी घरांत त्याचं फार कौतुक झालं. मीही गेले. दारातच बाई विचारायच्या, "मुलांनो, हात धुतले का?" मग तळहात पुढं करायचे. माझे तळहात त्या इतरांपेक्षा थोडे जास्त वेळ बघायच्या. एकदा त्यांनी वाकून वास घेतला.

मंडळाची एक रीत होती. खिडकीखाली जाजम अंथरलेलं असायचं, त्यावर वाचणारी मुलं बसायची. दाराजवळ, चपलांच्या शेजारी, नुसत्या फरशीवर ऐकणारी मुलं बसायची. वाचणारी मुलं म्हणजे नव्यानं पुण्या-मुंबईहून आलेल्यांची आणि बाईंची स्वतःची मुलगी मंजिरी. ऐकणारी मुलं म्हणजे आम्ही, इथली. असा नियम कुणी बोलून दाखवला नव्हता, पण दर रविवारी मी नजर फिरवून पाहायचे आणि त्यात कधीच फरक पडायचा नाही. वाचणाऱ्यांना पुस्तक घरी नेता यायचं. ऐकणाऱ्यांना नाही. आम्ही कुरकुर केली तर बाई हसून म्हणायच्या, "ऐकणं हेही मोठं काम असतं." गोष्ट संपली की त्या चष्मा काढायच्या आणि विचारायच्या, "आता याचं तात्पर्य काय, सांगा पाहू?" मग जाजमावरची मुलं सांगायची, खोटं बोलू नये, आळस करू नये, मोठ्यांचं ऐकावं. गोष्टीत वाघ असो की वारा, तात्पर्य तीन-चारच होती आणि ती फिरून फिरून यायची.

मी तिथं पुस्तकांना कव्हरं घालायचे. बाईंनीच ते काम दिलं. "तुझा हात नेटका आहे," असं म्हणाल्या. मी फुशारले. वाचन चालू असताना मी दाराजवळ तपकिरी कागद दुमडत बसायचे आणि कव्हर घालता घालता जेवढं पान दिसेल तेवढं वाचून घ्यायचे. त्यातच मला ती नावाड्याची गोष्ट सापडली. एका नावाड्याच्या नावेत संध्याकाळी एक वाघ येऊन बसतो आणि म्हणतो, मला पलीकडं सोड. नाव मध्यावर येईपर्यंतचं मी वाचलं होतं. पुढचं पान उलटायच्या आत बाईंनी पुस्तक मागून घेतलं.

वर्षअखेरीला मंडळाचा समारंभ ठरला. आईवडिलांना बोलावणं होतं. मुलांनी एकेक पान वाचून दाखवायचं होतं. मी सगळं बळ गोळा करून बाईंना विचारलं, "मी वाचू?" त्या दिवशी त्या प्रसन्न होत्या. म्हणाल्या, "बरं, वाच. नावाड्याचं पहिलं पान तुझं." त्यांनी ते पान मला उतरवून न्यायला दिलं. घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "मग वाच की, ऐकतो." मी म्हटलं, "इथं नाही. तिथंच ऐका, सगळ्यांसमोर." त्यांनी दोनदा-तीनदा तरी विनवलं असेल. "स्वल्प वाच गं, एक ओळ." मी दिली नाही. न्हाणीत दार लावून म्हणायचे, पिठाच्या डब्यासमोर म्हणायचे, भाऊ झोपला की त्याच्या कानाशी म्हणायचे. आजही ते पान मला तोंडपाठ आहे.

समारंभाला अण्णा परीटघडीचा शर्ट घालून आले. मालकाकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, आणि कांद्याचा वास जावा म्हणून आईनं त्यांना हळद-बेसन लावून आंघोळ घातली होती, एखाद्या नवऱ्या मुलाला घालावी तशी. ते पहिल्या रांगेत बसले. त्यांना कुणी तिथं बसवलं नव्हतं, पण माझं वाचन नीट ऐकू यावं म्हणून ते आपण होऊन पुढं बसले. सुरुवातीला बक्षिसं होती. बाईंनी एक हौस काढली होती, की प्रत्येक विजेत्याचं नाव एकेका पालकानं चिठ्ठीतून वाचावं. दोघातिघांनी वाचलं. मग बाईंनी चिठ्ठी अण्णांच्या हातात दिली.

अण्णा उभे राहिले. चिठ्ठीकडं पाहिलं. मग ती परत पुढं करून साध्या आवाजात म्हणाले, "बाई, मला कन्नड वाचायला येतं. हे अक्षर नाही येत."

मागं कुणीतरी हसलं. बाईंना काय करावं कळलं नाही, असं मी त्यांच्या बाजूनं म्हणू शकले असते, पण मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना मजा वाटत होती. "अगंबाई! मराठी माणूस आणि मराठी वाचता येत नाही?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं, म्हणजे सगळ्यांना हसायला वाट मिळाली. "बरं बरं, मग तुम्ही ऐकायला बसा." आणि त्यांनी हात केला तो पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडं नाही. दाराजवळ चपलांपाशी एक स्टूल होतं, तिकडं केला. अण्णा गेले आणि स्टुलावर बसले. माझी पाळी आली तेव्हा मी कागद घेऊन उठले. बाई म्हणाल्या, "पद्मा, तू राहू दे आज. घरात कुणी वाचतच नाही, तिथं ते वळण कुठून येणार? तुझं पान मंजिरी वाचेल. तू बस अण्णांजवळ. ऐकणं हेही मोठं काम असतं, नाही का हो?" हा शेवटचा प्रश्न अण्णांना होता. अण्णा म्हणाले, "सरी." सरी म्हणजे बरं.

मंजिरीनं माझं पान वाचलं. चांगलं वाचलं, हे कबूल. मी प्रत्येक शब्द तिच्याआधी अर्धा क्षण मनात म्हणत होते. अण्णा मान किंचित पुढं करून ऐकत होते, आणि मला जे असह्य झालं ते हेच, की त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा छापलेली मराठी गोष्ट त्यांच्या कानावर पडली ती दुसऱ्याच्या मुलीच्या तोंडून. येताना त्यांनी मला स्टेशनबाहेर चुरमुरी घेऊन दिली, भरपूर कांदा घालून. मी खाल्ली नाही. ते म्हणाले, "छान होती गोष्ट. पुढं वाघाचं काय होतं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." आणि तिथंच, चुरमुरीच्या गाडीपाशी उभी असताना, मी ठरवलं की इनामदारबाईंचं हे मंडळ मी मोडणार.

माझी मुलगी हे वाचून म्हणाली, "आई, तू फार खुनशी आहेस." असेन. मी उभं आयुष्य लोकांचे हिशेब तपासण्यात काढलं, आणि त्यात कुणाला सूट दिली नाही. या बाबतीत का द्यावी?

मंडळ मोडायचं तर पुस्तकं हवीत, आणि बेंगळुरात मुलांची मराठी पुस्तकं त्या दिवसांत मिळायची कुठं? मी अण्णांना विचारलं. त्यांनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रकच्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं, की कांद्याबरोबर लहान मुलांची पुस्तकं आणा, जुनी, फाटकी, कसली पण चालतील. पुढच्याच खेपेला पोत्यांच्या मध्ये खोचलेली पाच पुस्तकं आली. ड्रायव्हर लोक ती रद्दीच्या दुकानातून उचलायचे, तेव्हा निवड वगैरे काही नसायची. एकात राजपुत्र असायचा, एकात शिवणकामाचे नमुने. आणि बहुतेकांची शेवटची पानं गेलेली असायची, कारण पुस्तक मागूनच फाटायला लागतं. वास तर विचारूच नका. भाऊ म्हणाला, "अक्का, हे वाचताना रडू येतं." आई म्हणाली, "कांद्यानं येतं ते. गोष्टीनं आलं की सांग."

मी आईला सांगितलं, की रविवारी दहा वाजता जगलीवर मुलं येतील. आई तवा घासत होती. "दहालाच कशाला गं? चारला घे की. त्या बाईंचं पण दहालाच असतं."

"म्हणूनच दहाला."

आईनं तवा पालथा घातला. मग म्हणाली, "निप्पट्टू तळते. वास क्वार्टर्सपर्यंत जाईल." निप्पट्टू म्हणजे तांदळाच्या पिठाच्या, शेंगदाणे आणि कढीपत्ता घातलेल्या खुसखुशीत पुऱ्या. माझी आई कधी कुणाला वाकडं बोलली नाही. पण तिच्या नवऱ्याला चपलांपाशी बसवलं होतं, आणि ते तिला मी नव्हे, गल्लीतल्या दुसऱ्याच एका बाईनं रंगवून सांगितलं होतं.

मी आधी दाराजवळच्या मुलांकडं गेले. तिथं बसून बसून कोण किती कंटाळलंय ते मला माहीत होतं. आमच्या जगलीवर रीत एकच: प्रत्येकानं एक पान वाचायचं, येतं तसं. अडलं तर शेजाऱ्यानं सांगायचं. हसलं तर हसणाऱ्याला निप्पट्टू नाही. तात्पर्य कुणी विचारायचं नाही. आणि पुस्तकाची शेवटची पानं नसतील तर शेवट आपण करायचा, सगळ्यांनी मिळून, भांडून. पहिल्या रविवारी राजपुत्राचं पुस्तक घेतलं. राजपुत्र विहिरीत उतरतो आणि पुस्तक संपतं, म्हणजे फाटतं. आठजणांचे आठ शेवट झाले. कुणी म्हणालं विहिरीत दुसरं राज्य आहे. भाऊ म्हणाला, "विहिरीत पाणीच नाही, कार्पोरेशननं सोडलं नाही." पोरं जगलीवर लोळली. अण्णा आपली वेताची खुर्ची आणून सगळ्यांच्या पुढं बसले होते. ती जागा मी त्यांना दिली होती, आणि त्यांच्यासमोर पहिलं पान मी वाचलं होतं. मी थांबले की ते म्हणायचे, "मुंदे." कन्नडमध्ये पुढं. "मुंदे, अक्का."

दुसऱ्या रविवारपासून मी आणखी एक गोष्ट केली. अगदी ऐन वेळी, म्हणजे राक्षसानं दार ठोठावलं की, मी पुस्तक मिटायचे. "उरलेलं पुढच्या रविवारी." पोरं बोंब मारायची. मग सोमवारी शाळेत मी जाजमावरच्या मुलांच्या शेजारी उभी राहून आमच्यातल्या एखाद्याशी मोठ्यानं बोलायचे: राक्षसाच्या हातात काय असेल रे? जाजमावरची मुलं न ऐकल्यासारखं करायची. ती घरी तात्पर्य पाठ करत होती आणि इकडं दाराशी राक्षस उभा होता. एक आला, मग दोघी बहिणी आल्या. बाईंना बातमी लागली तेव्हा त्या म्हणे हसून म्हणाल्या, "कांद्याची पुस्तकं वाचतात होय!" ते ऐकून आमच्या पोरांनी स्वतःच नाव ठेवलं, कांदा क्लब. नाव पडल्यावर तर उरलेसुरलेही आले. नाव असलेल्या गोष्टीत नसणं मुलांना सहन होत नाही.

पावसाळा येईपर्यंत इनामदारबाईंच्या जाजमावर एकटी मंजिरी उरली. मी मुद्दाम त्यांच्या क्वार्टरवरून जाऊन पाहिलं. बाई वाचत होत्या, मंजिरी ऐकत होती, आणि काचेचं कपाट माझ्या कव्हरांनी गच्च भरलेलं होतं. मला कीव आली नाही. घरी येऊन मी दोन निप्पट्टू जास्त खाल्ले.

मग एका रविवारी मंजिरीच आली. जगलीच्या खाली रस्त्यावर उभी राहिली. मी म्हटलं, "ये. पण तू ऐकायला बस," आणि पायरीजवळची, चपलांच्या शेजारची जागा दाखवली. ती बसली. पुढचे दोन रविवारही ती तिथंच बसली. तिसऱ्या रविवारी ती हळूच म्हणाली, "मला एक पान दे ना. मग मी तुम्हाला वाघाच्या गोष्टीचा शेवट सांगेन. मला माहितीये." पोरांचे डोळे चमकले. कारण वाघ-नावाड्याची गोष्ट मी त्यांना तोंडपाठ सांगितली होती आणि नाव नदीच्या मध्यावर अडकून पडली होती. मलाही तो शेवट हवा होता. फार हवा होता. मी म्हटलं, "नको. आमचा शेवट आम्ही केलाय." तेव्हा तो केलेला नव्हता. तो आम्ही त्याच दिवशी, तिच्यासमोर केला. आमच्या गोष्टीत वाघ नावाड्याला वल्हवायला लावत नाही, स्वतः वल्हवतो, आणि नावाडी वाघाच्या जागेवर बसून विचार करतो की आता हा आपल्याला कुठं नेणार. भाऊ म्हणाला, "यशवंतपूर जंक्शनला." मंजिरी सगळ्यात मोठ्यानं हसली.

त्याच वेळी इनामदारबाई गल्लीत शिरल्या. इस्त्रीची साडी, हातात छत्री. "मंजिरी, चल घरी."

मंजिरी म्हणाली, "आई, एवढं पान होऊ दे ना."

"चल म्हणते ना."

"आई, फक्त एक पान!"

बाई खाली रस्त्यावर आणि आम्ही वर जगलीवर, अशी उंची होती. अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले होते, "या बाई, बसा" म्हणायला. त्यांचा स्वभावच तो. मी त्यांना तेवढी सवड दिली नाही. हातातलं पान मी वाचायला सुरुवात केली, मुद्दाम सावकाश, मुद्दाम मोठ्यानं. पानावर बाजारात हरवलेल्या बकरीशिवाय काही नव्हतं. पण मुलगी हलेना आणि मुलीला सोडून जाता येईना, म्हणून इनामदारबाईंना ते पान शेवटपर्यंत उभ्यानं ऐकावं लागलं. अण्णा परत खुर्चीत टेकले होते. पान संपल्यावर ते म्हणाले, "मुंदे." मी पुढचंही वाचलं.

बाईंनी मंजिरीचा दंड धरला आणि त्या गेल्या. पुढच्या रविवारपासून मंडळ बंद झालं. त्यांची बदली झाली तेव्हा कपाट ट्रकमध्ये चढताना मी पाहिलं. आमच्या कांद्याच्या ट्रकपेक्षा तो लहान होता, एवढं नोंदवून ठेवते. कांदा क्लब नंतर बरीच वर्षं चालला. त्यातल्या पोरांपैकी निम्मी तरी आज पुस्तकं विकत घेऊन वाचतात. मी विचारून खात्री केली आहे. लोक मला आदर्श वगैरे म्हणतात, मुलांना वाचनाची गोडी लावण्याविषयी बोलायला बोलावतात. गोडीबिडी माझ्या मनात नव्हती. मला एका बाईचं जाजम रिकामं करायचं होतं. पोरांना गोडी लागली ती त्या भानगडीत.

आता मी बेंगळुरातच, मारतहळ्ळीला राहते, अण्णा माझ्याजवळ असतात. आई गेली. रविवारी दहाला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलं जमतात, आयटीत काम करणाऱ्यांची, सहा-सात वर्षांची. त्यांच्या आया विचारतात, "मॅम, ह्याची रीडिंग लेव्हल किती इम्प्रूव्ह झाली?" मी सांगते, ते मी मोजत नाही. एवढी एकच गोष्ट मी मोजत नाही. अण्णा पहिल्या खुर्चीत बसतात. नव्वदीला टेकले, तरी देवनागरी शिकले नाहीत. मी कितीदा म्हटलं, महिन्याभरात येईल. ते म्हणायचे, "तू वाच. मी ऐकतो." मला वाटायचं हा आळस, किंवा लाड. त्या समारंभाचा विषय त्यांनी घरात एकदाही काढला नाही. मला खात्री होती की ते विसरले. म्हणून त्यांच्या वाटचा राग मी माझ्याकडं ठेवला होता.

गेल्या हिवाळ्यात इरा नावाची नवी मुलगी आली. तिला घेऊन एक म्हातारी आली, काठी टेकत. हॉलच्या दारातच तिनं विचारलं, "मुलांनो, हात धुतले का?"

मला चेहरा बघायची गरज पडली नाही. इनामदारबाई. इरा मंजिरीच्या मुलीची मुलगी. इराच्या घरचे नव्या टॉवरमध्ये भाड्यानं राहायला आले होते. पणजीला थंडीपुरती पुण्याहून आणली होती. बाईंनी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. पहिल्या रांगेत अण्णांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती मी उचलली आणि दाराजवळ, चपलांपाशी नेऊन ठेवली. "इथं बसा," म्हटलं, "वारा येतो."

तीन रविवार त्या तिथं बसल्या. मुलं वाचायची, निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी मिसळून, अडखळत, एकमेकांना सांगत. बाई काठीवर हनुवटी टेकून ऐकायच्या. एकदा गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "आता याचं तात्पर्य काय, सांगा पाहू?" मुलांनी माझ्याकडं पाहिलं. इरा म्हणाली, "पणजी, म्हणजे काय गं?" मी पुढचं पुस्तक उघडलं. मला फार बरं वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी गोष्ट अगदी रंगात आलेली असताना बाई उठून उभ्या राहिल्या. चष्मा पुसला. हात पुढं केला, आणि असा सुरेख, लाघवी आवाज काढला, जो मी दाराजवळ कागद दुमडताना कितीतरी रविवार ऐकला होता. "मला द्या ना हो एक पान. मी पूर्वी मुलांना वाचून दाखवायचे. खूप मुलं यायची माझ्याकडं."

ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं मी ते नीट घडी घालून ठेवलं होतं. मी श्वास घेतला, तेवढ्यात पहिल्या खुर्चीतून, मान न वळवता, अण्णा बोलले. त्यांचा आवाज आता बारीक झालाय, पण हॉलमध्ये प्रत्येकाला ऐकू गेला.

"बाई, तुम्ही ऐकायला बसा. ऐकणं हेही मोठं काम असतं."

बाईंचा पुढं केलेला हात तसाच राहिला. त्या अण्णांच्या पाठीकडं पाहत होत्या, मग माझ्याकडं, मग खाली, चपलांकडं. मग हात सावकाश काठीवर आला आणि त्या बसल्या. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी समोरच्या मुलांवरून नजर हलवली नव्हती. परीटघडीच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं. माझ्याइतकीच वर्षं तो राग त्यांनीही जपला होता, आणि मला पत्ता लागू दिला नव्हता.

पाळी इराची होती. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. ती पणजीकडं बघून घुटमळली.

"मुंदे," अण्णा म्हणाले.